केशवआबांचा हात

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी केशवआबांचं नाव घेतो. बारामतीच्या पेठेतले किराण्याचे व्यापारी केशवआबा नसते, तर मी आज निमगाव केतकीला वांग्यांच्या वाफ्यांना पाण्याची दारं धरत बसलो असतो. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला पहिला माणूस मी, आणि मला तिथवर नेणारे ते. हे मी चारचौघांत उभा राहून सांगेन. त्याच दमात हेही सांगेन, की इतका क्षुद्र माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

आबांना ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी आधी त्यांचा उजवा हात डोळ्यांपुढे आणावा. गोरा, मऊ, नखं कापलेली, कधी कसलं ओझं न उचललेला हात. दुकानात गादीशेजारी पितळेचा तांब्या असायचा आणि आबा दिवसभर त्या तांब्यातलं पाणी हातावर घेत असायचे. कुणी चामड्याचं पाकीट समोर ठेवलं, घ्या पाणी. परगावच्या माणसानं हातात नाणं दिलं, घ्या पाणी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि बोलताना तो हात असा वर धरलेला, जणू खाली सोडला तर जग त्याला लागेल.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आपला हात न्हाय त्यात." तूरडाळीत उंदराच्या लेंड्या निघाल्या म्हणून एखादी बाई पदरातली डाळ घेऊन परत आली, की आबा शांतपणे म्हणायचे, "पोतं गड्यानं फोडलं बाई. आपला हात न्हाय त्यात." वजनात साखर कमी भरली तर, "तागडी कुणी धरली हुती? म्या? मग?" बाई बापडी गड्याकडे बघायची, गडी जमिनीकडे बघायचा, आणि आबा हातावर पाणी घ्यायचे. गिऱ्हाईक गेल्यावर ते गड्यावर ओरडले असतील असं वाटेल. कधीच नाही. डाळ तशीच राहायची, तागडीही तशीच.

दुकानाच्या माडीवर त्यांनी आसपासच्या तालुक्यांतल्या गरीब मुलांसाठी बोर्डिंग चालवलं होतं. इंदापूर भागातून शिकायला आलेली आम्ही काही पोरं तिथे राहायचो. राहणं फुकट, जेवण फुकट. द्वादशीला आबा स्वतः पंगतीत वाढायला यायचे. तुपाची वाटी त्यांच्या हातात, आणि प्रत्येकाच्या भाकरीवर ते स्वतः धार धरायचे. "खा रं, लाजू नका. उपाशी पोराला गणित सुटत न्हाय. आमाला बी न्हवतं सुटलं." हे ते मनापासून म्हणायचे. एकदा मला ताप आला तेव्हा रात्री माडीवर येऊन त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला होता. तो हात गार होता. मी तो विसरलेलो नाही आणि विसरायची इच्छाही नाही.

पण दुकानी कुणी मामलेदार, कुणी पुण्याचा पाहुणा आला की आम्हाला माडीवरून खाली बोलावलं जायचं. आम्ही ओळीने उभे राहायचो. "ही आपली पोरं," आबा म्हणायचे, "ह्याच्या आईला आणि त्याच्या बाला इचारा, कोण घालतंय जेवायला." पाहुणा मान डोलवायचा. आमच्यातला एक जण नेहमी पुटपुटायचा, "चला, बाजार भरला." मला त्याचा राग यायचा. मी खरंच कृतज्ञ होतो.

आता माशांच्या डब्यांची गोष्ट. बारामतीच्या पेठेत बंद डब्यातली मासळी कोण घेणार, असं वाटेल. पण वालचंदनगरच्या कारखान्याच्या वसाहतीत मुंबईचे, कोकणातले, गोव्याकडचे, बंगालमधले लोक नोकरीला आले होते. नीरेचे मासे त्यांना मिळायचे, पण समुद्राचं काही या भागात पोचत नव्हतं. त्यांच्यासाठी आबांनी डबे ठेवले. माल कुठून आणला? दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराचं शिल्लक सामान लिलावात निघालं होतं. त्यातले डबे आबांनी एका दलालामार्फत उचलले आणि वर्षानुवर्षं विकले.

मात्र माळकरी माणसाच्या घरात मासळी कशी ठेवायची? दुकानाच्या वर देवघर होतं. म्हणून आबांनी मागच्या अंगणात एक पत्र्याची खोली ठोकून घेतली. चारी बाजूंनी पत्रा, वर पत्रा, आणि दार बोळाकडे, म्हणजे माल उंबऱ्यातून जायला नको. डबे आणायचा, मोजायचा, विकायचा तो गणपत नावाचा गडी. त्याने आणून दिलेल्या नाण्यांवर आबा तांब्यातलं पाणी शिंपडायचे आणि मगच ती गल्ल्यात टाकायचे. नोटा भिजल्या असत्या, म्हणून नोटांना विटाळ नव्हता.

बारामतीचा उन्हाळा ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. त्या पत्र्याच्या खोलीत दुपारी चूल पेटवल्यासारखी आच असायची. साध्या गोदामात डबे बरे राहिले असते, पण आबांच्या सोवळ्याने त्यांना भट्टीत टाकलं होतं. डबे आतून कुजायचे आणि दोन्ही बाजूंनी फुगायचे. मग गणपत खिळ्याने भोक पाडायचा, फुस्स करून घाण हवा बाहेर काढायचा आणि वर कथलाचा डाख लावून भोक बुजवायचा. रॉकेलचे डबे आणि नरसाळी जोडायचं काम त्याला येतच होतं. पुण्याहून छापून आणलेला नवा कागद डब्याभोवती चिकटवला, की झाला यंदाचा ताजा माल. कागदावर झोकदार माशाचं चित्र होतं.

हे भोकाचं आणि डाखाचं मला तेव्हा माहीत नव्हतं. मी पुण्याला जाऊन बी.एस्सी. झालो, सरकारी नोकरी मिळाली आणि अन्नभेसळीचा नवा कायदा आला तेव्हा बारामती आणि इंदापूर या भागाचा अन्न निरीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली. आबांनी पेठेत पेढे वाटले. "आपल्या बोर्डिंगचा पोरगा सरकारात बसला," असं ते दुकानोदुकानी सांगत फिरले. मला म्हणाले, "दत्तू, आता पेठ तुजी. भेसळ करणाऱ्यांना सोडू नगंस. लई माजल्यात." मी त्यांच्या पाया पडलो.

पुढच्या वैशाखात वालचंदनगरच्या डॉक्टरांचा निरोप आला. मी जवळच्या कळंबला दुधाचे नमुने घेत होतो, तिथूनच सायकलने गेलो. वसाहतीत पेडणेकर नावाचे एक ड्राफ्ट्समन राहत होते, वेंगुर्ल्याकडचे. त्यांची म्हातारी आई गावाहून मुलाकडे आली होती आणि महिनाभर समुद्राच्या मासळीची चव नाही म्हणून हिरमुसली होती. पेडणेकरांनी बारामतीहून बांगड्याचा डबा आणला. नारळ घालून तिखलं, म्हणजे त्यांच्याकडचं झणझणीत कालवण, केलं. म्हातारीला सगळ्यात आधी वाढलं, आणि लहानसा डबा तिच्याच ताटात संपला. ती जेवली, आणि दोन दिवसांनी वसाहतीच्या दवाखान्यात तिने प्राण सोडला.

पेडणेकर ओट्यावर बसले होते. त्यांनी डबा फेकला नव्हता. माझ्या हातात देत ते म्हणाले, "दुकानदाराला काय बोलायचं हो? मी आणला. मी माझ्या हातानं वाढलं तिला. ती नको म्हणत होती, आधी पोरांना दे म्हणत होती. मीच म्हटलं, खा गं."

"वास आला नाही?"

"आंबट आला. मला वाटलं, डब्यातलं असंच असतं. आम्ही कधी डब्यातलं खाल्लंय?"

मी डबा उलटसुलट केला. कागदावर यंदाचं साल होतं. झाकणाच्या कडेला डाखाचा एक ठिपका होता. आणि झाकणावरून अंगठा फिरवला तेव्हा पत्र्यात ठोकलेले आकडे हाताला लागले. माल भरल्याचं साल. ते लढाईच्या वर्षातलं होतं. कागद डब्याच्या अंगाभोवती चिकटवतात, झाकणावर नाही. ही गोष्ट डबा एकदाही हातात घेतलेल्या कुणाच्याही लक्षात आली असती. गणपतला वाचता येत नव्हतं. आणि आबांनी डबा कधी हातात घेतलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानावर गेलो. आबांचा चेहरा फुलला. "ये, ये इन्स्पेक्टरसाहेब! भाकरी खाल्लीस का?" आणि त्यांनी घरात बायकोला हाक मारली, "आगं, दत्तू आलाय, पिठलं टाक!"

"आबा, मी कामाला आलोय. मागची पत्र्याची खोली उघडायची आहे. माशांच्या डब्यांचा नमुना घ्यायचाय."

"माशाचं डबं?" आबांनी हात वर घेतला. "त्ये गणपत बघतो. आपला हात न्हाय बाबा त्यात."

"वसाहतीत एक म्हातारी गेली, आबा. तुमच्या दुकानातला डबा खाऊन."

आबांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. मला वाटलं, आता काहीतरी माणसासारखं बोलतील. ते म्हणाले, "खाऊच नगं म्हनतो म्या. जीव मारून खायाचं कशाला? आमी खातो का? आमाला काय हुतंय का?" आणि त्यांनी हातावर पाणी घेतलं.

त्या क्षणी माझ्या मनातलं काहीतरी सुटून खाली पडलं. ते मी नंतर कधी उचललं नाही.

नमुना घ्यायचा तर पंच लागतात. पेठेतल्या लोकांना मी हाका मारल्या आणि अख्खी पेठ एका क्षणात शाकाहारी झाली. रविवारी खाटकाच्या दुकानापुढे पिशव्या घेऊन उभे राहणारे लोक मला म्हणू लागले, "रावसाहेब, आमच्यात चालत न्हाय. वास बी चालत न्हाय." शेवटी एक कापडवाला आणि एक पानवाला तयार झाले. पानवाला म्हणाला, "सही करतो, पर नाक धरून करनार. चालतंय का कायद्यात?"

"चालतं. उजव्या हातानं सही करा, डाव्यानं नाक धरा."

"आन् आबा रागावलं तर त्यांचं नाक कोन धरायचं?"

तेवढाच काय तो त्या दिवशीचा विनोद. पत्र्याचं दार उघडलं तेव्हा आतून जी वाफ आली तिने कापडवाला बोळात जाऊन ओकला. भिंतीला हात टेकला तर चटका बसला. फुगलेले, डाख लावलेले, नवे कागद चिकटवलेले डबे छपरापर्यंत रचले होते. मी नियमाप्रमाणे डब्यांची किंमत आबांपुढे ठेवली, नमुन्यांचे तीन भाग केले, लाखेने सील केले, एक भाग आबांना द्यायला गेलो. त्यांनी घेतला नाही. "खाली ठिव," म्हणाले. "गणपत उचलंल."

पुण्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. माल माणसाने खाण्यास अयोग्य. म्हातारीचा मृत्यू त्याच डब्याने झाला हे कायद्याने सिद्ध करता आलं नाही. ती वयस्क होती, उन्हाळा होता, असं म्हणायला वकिलाला जागा होती. उरला तो सडका माल आणि खोटा कागद. खटला बारामतीच्या कोर्टात उभा राहिला. पेठेतली अर्धी माणसं आबांच्या बाजूला येऊन बसली होती, लग्नाला आल्यासारखी.

आबांनी कोर्टात आपला तो हात वर केला. "सायेब, ह्यो हात बघा. जल्मात मासळीला लागला न्हाय. गड्यानं मागं काय केलं, मला काय ठावं?" मग गणपतला उभं केलं. त्याला आधीच शिकवलेलं होतं. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "व्हय, म्याच भोक पाडलं, म्याच डाख लावला, म्याच कागद चिकाटलं. शेठला ठावं न्हाय." कागद छापून कुणी आणले, असं सरकारी वकिलाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "म्याच." ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं त्याने पुण्याला जाऊन इंग्रजी कागद छापून आणले, हे त्या दिवशी बारामतीने मान्य केलं.

माझी साक्ष झाली. आबांच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही आरोपीच्या घरी राहून शिकलात?"

"हो."

"त्यांचं अन्न खाल्लंत?"

"हो. पोटभर."

"इतकी वर्षं त्या घरात असताना आरोपीला या डब्यांना हात लावताना कधी पाहिलंत?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

मागच्या बाकावर कुणीतरी "वा!" म्हणालं. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या भाकरीवर तुपाची धार धरली होती.

दुकान त्यांच्या नावावर, म्हणून आबांना दंड झाला. गणपतला तुरुंग झाला. दंड भरून आबा बाहेर आले तेव्हा कुणीतरी त्यांच्या गळ्यात हारही घातला. गणपतच्या बायकोला त्यांनी बोर्डिंगात भांडी घासायला ठेवलं, आणि येणाऱ्या पाहुण्यांना पोरांच्या ऐवजी आता ते तिला दाखवू लागले. "हिचा नवरा तुरुंगात हाय. आपल्याच नावाला काळं फासलं त्यानं. तरी बी म्या हिला पोसतो." पाहुणे मान डोलवायचे. पेठेचं मत एकच होतं : शेठ थोर मनाचे, आणि दत्तू खाल्ल्या घरचे वासे मोजणारा.

या लोकांचा मला आबांपेक्षाही जास्त तिटकारा वाटतो. आबांना निदान स्वतःचा फायदा होता. यांनी फुकट मान डोलावली. मेलेली म्हातारी कोकणातली, मासे खाणारी, परगावची. तिच्यासाठी पेठेत कुणी एका दिवसाचं दुकान बंद ठेवलं नाही. पोलिसांनी सगळे डबे गावाबाहेर खड्ड्यात पुरले तेव्हा मात्र बघायला गर्दी झाली होती.

दोन वर्षांनी आबांनी बोर्डिंगची नवी दगडी इमारत बांधली. उद्घाटनाला मोठे लोक येणार होते. मला छापील निमंत्रण आलं आणि त्याच्या कोपऱ्यात आबांनी सांगून लिहून घेतलेल्या दोन ओळी होत्या : बोर्डिंगचा पहिला पदवीधर म्हणून तू संस्थापकांच्या दातृत्वावर बोलावंस, मागचं आम्ही मनात ठेवलेलं नाही.

मागचं त्यांनी मनात ठेवलेलं नाही! मी ते निमंत्रण घेऊन वालचंदनगरला पेडणेकरांकडे गेलो. का गेलो, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. खटला संपल्यावर कोर्टाकडून त्यांना त्यांचा डबा परत मिळाला होता. त्यांनी निमंत्रण वाचलं, आत गेले, आणि त्या डब्याचं झाकण घेऊन बाहेर आले. "हे न्या," म्हणाले. "माझ्याकडे ठेवून काय करू?"

त्या रविवारी मी आबांना पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. उद्घाटन माझ्याशिवाय झालं, आणि पुढे काही वर्षांनी आबा झोपेतच गेले. गावाने पेठ बंद ठेवली. पत्राची नक्कल माझ्याकडे आहे, ती जशीच्या तशी देतो.

तीर्थरूप केशवआबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपलं निमंत्रण पोचलं. बोर्डिंगची नवी इमारत उभी राहिली याचा मला खरोखर आनंद आहे. आमच्यासारखी पोरं तिथे शिकतील. त्यांना पोटभर मिळावं.

आपण मला आपल्या दातृत्वावर बोलायला सांगितलं आहे. मी येऊ शकत नाही. कामाचं निमित्त सांगता आलं असतं, पण ते खोटं झालं असतं. आपल्या हातचं तूप मी खाल्लं आहे. तापात आपला हात माझ्या कपाळावर होता. भाषणाला उभा राहिलो तर मला त्या हाताबद्दलच बोलावं लागेल, आणि मग अर्ध्यावर थांबणं मला जमणार नाही. तो हात डब्यांना लागला नाही, असं मी शपथेवर सांगितलं. ते खरं होतं. खरं बोलल्याची इतकी किळस मला पूर्वी कधी आली नव्हती.

पेडणेकर त्याच क्वार्टरमध्ये राहतात. आईला मी माझ्या हाताने वाढलं, असं ते अजून म्हणतात. आबा, या सगळ्या प्रकरणात स्वतःचा हात होता असं कुणी न शिकवता म्हणणारा मला तो एकच माणूस भेटला.

त्यांच्या आईच्या डब्याचं झाकण त्यांनी माझ्याकडे दिलं आहे. ते पत्रासोबत पुडक्यात पाठवतो आहे. राखेने घासलं आहे, उकळत्या पाण्याने धुतलं आहे, वास राहिलेला नाही. त्यावर आकडे आहेत. ते डोळ्यांना नीट दिसत नाहीत, अंगठ्याने चाचपावे लागतात. आपण एकदा चाचपून पाहा. मग मला बोलवा. मी येईन, आपल्याबद्दल बोलेन, आणि पूर्वीसारखा पंगतीत बसेन.

एवढीच विनंती. पुडकं गड्याकडून उघडून घेऊ नका.

आपल्या बोर्डिंगचा,
दत्तू